विमान कुठून धरायचं? उजळाईवाडी, लोहगाव की मोपा

बंगळुरूला नोकरी करणाऱ्या माझ्या मावसदिराचा एकदा फोन आला. "वहिनी, कराडला विमानतळ आहे की! नकाशावर विमानाचं चित्र दिसतंय. मग मी पुण्याला कशाला उतरू?" मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. नेमकं तेव्हाच डोक्यावरून एक पिटुकलं विमान घरघरत गेलं. म्हटलं, "विमानतळ आहे बाबा, पण इथल्या विमानात बसायचं तर आधी ते चालवायला शिकावं लागतं."

कराडची धावपट्टी पन्नासच्या दशकात कोयना धरणाच्या कामासाठी झाली. लांबी साधारण 1,280 मीटर. तिच्यावर पुढाऱ्यांची विमानं उतरतात, हेलिकॉप्टरं उतरतात, शिकाऊ वैमानिक घिरट्या घालतात. विस्ताराचा विषय निघाला की आजूबाजूच्या गावांतले शेतकरी विरोधाला उभे राहतात. बागायती जमीन जाणार म्हटल्यावर कोण गप्प बसेल? सांगलीची कवलापूरची जागाही वर्षानुवर्षं तशीच पडून आहे. निवडणूक जवळ आली की तिथे विमान उतरतं, पण भाषणात. थोडक्यात, महाबळेश्वर, पाचगणी आणि कास पठार पोटात घेऊन बसलेल्या सातारा जिल्ह्यातून किंवा शेजारच्या सांगलीतून, तिकीट काढून बसता येईल असं एकही विमान सुटत नाही.

माझं माहेर सांगली, सासर कराड आणि थोरले दीर साताऱ्यात. त्यामुळे कुणाला कुठे उतरवायचं, कुणाला कुठून चढवायचं, हे खातं घरात आपोआप माझ्याकडे आलं. या खात्याच्या अनुभवातून एकच गोष्ट पक्की झाली आहे, ती आधी सांगते. तिकिटाचा भाव बघायच्या आधी स्वतःला विचारायचं: हे विमान रद्द झालं किंवा चुकलं, तर पुढचं कधी आहे? त्याचं उत्तर 'दोन तासांनी' असेल तर विमानतळ लांब असला तरी चालतो. उत्तर 'उद्या' असेल, किंवा 'परवा', तर तुमचं काम तेवढं थांबू शकतं का ते बघा. लग्नाला जाणाऱ्याने एक उत्तर द्यावं, मुलाखतीला जाणाऱ्याने दुसरं आणि देवदर्शनाला जाणाऱ्याने तिसरं.

घराजवळचा, पण लहरी

सांगली, मिरज, इस्लामपूर, कराड इथल्या लोकांना सर्वांत जवळचा विमानतळ म्हणजे कोल्हापूरचा. तो गावात नाही, उजळाईवाडीला आहे, शहरापासून नऊ-दहा किलोमीटरवर. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, 5 जानेवारी 1939 रोजी तो सुरू झाला, आणि आज नावही त्यांचंच आहे. मधली कित्येक वर्षं तिथे नियमित विमान नव्हतं. 2018 साली 'उडान' योजनेतून सेवा पुन्हा सुरू झाली. 1,370 मीटरची धावपट्टी 1,930 मीटरपर्यंत वाढली, रात्री उतरायची सोय झाली आणि 10 मार्च 2024 रोजी नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. मुंबई, हैदराबाद, तिरुपती, बंगळुरू, अहमदाबाद, नागपूर अशा ठिकाणांची नावं त्या फलकावर वेगवेगळ्या वर्षांत येऊन गेली. काही टिकली, काही बंद पडली, काही बंद पडून पुन्हा सुरू झाली.

हे का होतं ते कळलं तर फसगत कमी होते. 'उडान'मध्ये विमानातल्या काही जागा कमी दरात ठेवायच्या आणि त्यातली तूट सरकारने भरून द्यायची, असा हिशोब असतो. ही मदत एका मार्गाला साधारण तीन वर्षं मिळते. ती संपली की मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहावा लागतो, आणि नाही राहिला की कंपनी विमान उचलून दुसरीकडे नेते. सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळाचं 9 ऑक्टोबर 2021 रोजी केवढ्या थाटात उद्घाटन झालं होतं! तिथली मुंबईची सेवाही तीन वर्षांनी, ऑक्टोबर 2024 मध्ये थांबली. म्हणून पेपरात 'कोल्हापूरहून अमुक शहरासाठी विमानसेवा' असा मथळा वाचून कुणाला शब्द देऊ नका. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तुमच्या तारखेचं विमान दिसतं का, आठवड्यातून किती दिवस दिसतं, हे बघा. आणि मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या सुमाराला देशभरातली वेळापत्रकं बदलतात. त्या तारखेपलीकडचं तिकीट आधी काढलं असेल तर त्या आठवड्यात वेळ पुन्हा तपासायची.

लहान विमानतळाची दुसरी खोड अशी, की तिथे विमान मुक्कामाला नसतं. बहुतेक वेळा दुसऱ्या शहरातून येतं, माणसं उतरवतं आणि अर्ध्या तासात तुम्हाला घेऊन परततं. ते आलंच नाही तर तुमचंही जात नाही. त्यामुळे घरातून निघण्याआधी स्वतःच्या विमानाची वेळ बघून भागत नाही. जे विमान यायचंय ते तिकडून उडालं का, ते बघायचं. विमानांचा माग दाखवणारी मोफत ॲप आहेत. कुठल्या शहरातून, कुठल्या क्रमांकाचं विमान उजळाईवाडीला येतंय ते एकदा कळलं की पुढचं सोपं. एकदा डिसेंबरात पहाटे उठून, सांगलीहून माझ्या भावाला घेऊन आम्ही दाट धुक्यातून तिथे पोचलो आणि चहा पिताना कळलं की आमचं विमान अजून दोन राज्यांपलीकडे जमिनीवरच आहे. काउंटरवरची मुलगी बिचारी नम्र होती, पण तिच्याकडेही सांगण्यासारखं काही नव्हतं. दुपारी अडीचला उड्डाण रद्द झालं. भावाची मीटिंग संध्याकाळी पाचला होती. त्या दिवसापासून मी पाहुण्यांच्या विमानाचा माग घरूनच काढते, आणि विमान तिकडून उडाल्याशिवाय गाडी बाहेर काढत नाही. सांगलीहून उजळाईवाडी सव्वा ते दीड तास, कराडहून दीड. एवढ्या अंतरात हे जमतं. मात्र तुम्ही स्वतः जाणार असाल तर असा जुगार खेळू नका. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो आणि उशिराचं विमान कधी कधी वेळेत येतं.

कराडकडून जाताना कोल्हापूर शहरात शिरायचं काम नाही. पुणे-बंगळुरू महामार्गानेच पुढे जाऊन उचगावनंतर उजळाईवाडीला वळायचं. सांगलीकर जयसिंगपूर, हातकणंगले करत शिरोली फाट्याला महामार्गावर येतात आणि मग पंचगंगेचा पूल ओलांडतात. इथेच खरी मेख आहे. जुलै-ऑगस्टात पंचगंगा फुगली की शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येतं. 2019 ला आलं, 2021 ला आलं आणि दोन्ही वेळा वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. विमानतळ नदीच्या पलीकडे, आपण अलीकडे. त्या दिवसांत आमच्याकडे सगळे राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीवर डोळा ठेवून असतात: 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. सांगलीत आयर्विन पुलाची 40 आणि 45. पावसाळ्यातलं विमान कोल्हापूरहून असेल तर हे आकडे तिकिटाइतकेच जपून ठेवा. पातळी 39 कडे सरकायला लागली आणि कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली, तर आदल्या दिवशीच नदीपलीकडे मुक्कामाला जावं, नाहीतर सरळ पुणं गाठावं.

आणि हिवाळ्यात ऊस. गाळप हंगामात पहाटेच्या विमानासाठी रात्री तीनला निघालात, की इस्लामपूर, पेठ, वाळवा या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रांगेने भेटतात. मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोकं थेट काचेच्या उंचीला. अर्धा तास जास्तीचा धरा आणि ड्रायव्हरला सांगा, घाई नाही.

लोहगाव: विमानं भरपूर, रस्ता खडतर

पुण्याचा विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे. तिथून दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता अशा मोठ्या शहरांना दिवसातून अनेक विमानं असतात. एक चुकलं तर संध्याकाळचं मिळतं, एका कंपनीचं रद्द झालं तर दुसरीचं मिळतं, पैसे जास्त पडले तरी. म्हणून काम अडणारं असेल तर मी साताऱ्याच्या माणसाला डोळे मिटून पुणं सांगते आणि कराडच्या माणसालाही बहुतेक वेळा पुणंच. तळ लष्करी असल्याने धावपट्टीचे फोटो, रील वगैरे हौस तिथे टाळावी.

नवं टर्मिनल जुलै 2024 पासून सुरू झालं आणि आतली गर्दी सुसह्य झाली. बाहेरची झाली नाही. सातारा ते लोहगाव कागदावर सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर आहे, पण त्यातले शेवटचे पंचवीस सगळ्यांत जास्त वेळ खातात. खंबाटकीचं गणित तुम्हाला माहीत आहे: पुण्याला जाताना बोगदा, साताऱ्याला येताना घाट. बोगद्यात एखादा ट्रक बंद पडला की मागे वाईच्या फाट्यापर्यंत दिवे लागतात. तिथून सुटलो की खेड शिवापूरचा टोलनाका, मग नवले पुलाचा उतार, आणि मग पुणं. रविवारी संध्याकाळी हा सगळा रस्ता महाबळेश्वरहून, कासहून आणि गावाकडून परतणाऱ्यांनी भरलेला असतो. रविवारी रात्रीचं पुण्याहून विमान स्वस्त दिसतं ते उगीच नाही, असं आमचे दीर म्हणतात. त्यांचं सगळंच खरं नसतं, पण रविवारी रात्री नऊच्या विमानासाठी साताऱ्याहून अडीचला निघावं हे त्यांचं म्हणणं मी दोनदा अनुभवलंय. एकदा ऐकून आणि एकदा न ऐकता.

स्वतःची गाडी नसेल तर आता एक चांगला मार्ग झाला आहे आणि तो आपल्याकडे अजून फारसा कुणी वापरत नाही. एसटीने स्वारगेटला उतरा. सप्टेंबर 2024 पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आहे. तिथून जिल्हा न्यायालय स्थानकावर जायचं, मार्गिका बदलायची आणि रामवाडीकडे जाणारी गाडी धरायची. रामवाडीहून विमानतळ रिक्षाने थोडक्यात गाठता येतो. मिरजेहून किंवा साताऱ्याहून रेल्वेने आलात तर आणखी सोपं: पुणे रेल्वे स्थानकालाच मेट्रो आहे आणि तिथून रामवाडी एकाच गाडीत. मोठ्या बॅगा तीन-चार असतील तर ही कसरत नको. एक बॅग आणि पाठीवर पिशवी असेल तर स्वारगेटच्या चौकात रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यापेक्षा शंभर पटीने बरी. मात्र मेट्रो रात्रभर चालत नाही, तेव्हा पहाटेच्या विमानाला ती कामाची नाही. पुण्यात उतरल्यावर ॲपवरून बोलावलेली टॅक्सी टर्मिनलच्या दारात येत नाही, समोरच्या एरोमॉलमधून घ्यावी लागते. घरच्या म्हाताऱ्या माणसांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर दारात उभं राहून ती तासभर वाट बघतात.

मुंबईहून परदेशी जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठी एक जोड. नवी मुंबईचा विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झाला आहे. आपल्या बाजूने द्रुतगती मार्गाने जाणाऱ्याला तो सांताक्रूझ-अंधेरीपेक्षा सोयीचा, कारण मुंबईच्या पोटात शिरावं लागत नाही. पण तिकिटावर 'मुंबई' एवढंच वाचून निघू नका. जुना की नवा, आणि जुना असेल तर टर्मिनल एक की दोन, हे वाचा. देशातलं विमान एका ठिकाणी उतरवणार आणि परदेशी विमान दुसरीकडून उडणार, असं असेल तर मधलं सगळं ओझं तुमच्या डोक्यावर. कोल्हापूर-मुंबई आणि मुंबई-परदेश अशी दोन वेगळी तिकिटं कधीच काढू नका. पहिलं विमान रद्द झालं तर दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो. एकाच तिकिटावर दोन्ही प्रवास मिळत नसतील तर आदल्या रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरावी. ती सकाळी मुंबईत पोचवते, आणि दिवस हाताशी राहतो.

महाबळेश्वरला येणाऱ्या पाहुण्यांना काय सांगावं

पाहुणे विचारतात, 'महाबळेश्वरला जवळचा विमानतळ कुठला?' उत्तर पुणे. लोहगावहून सुरूर फाटा, वाई, पसरणी घाट, पाचगणी असा साधारण चार तासांचा रस्ता. शनिवारी सकाळी पाच, जोडून सुट्ट्या आल्या तर विचारू नका. त्यामुळे पाहुण्यांना शुक्रवारी दुपारी उतरवावं किंवा शनिवारी अगदी पहाटे. रात्री अकराला उतरून लगेच घाट चढायचा हट्ट मात्र करू देऊ नका. पुण्यात झोपावं, सकाळी निघावं, वाईला ढोल्या गणपतीसमोर नदीकाठी थांबावं आणि मग वर जावं. पसरणीच्या वळणांत पोरांना मळमळतं. आलेपाकाची पुडी जवळ ठेवा.

मुंबईत उतरणारे पाहुणे पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर यायला बघतात. रस्ता देखणा आहे, पण पावसाळ्यात तिथे दरडी कोसळतात आणि घाट बंद होतो. जून ते सप्टेंबर मी तो कुणालाही सांगत नाही. पावसातलं महाबळेश्वर बघायचंच असेल तर वाईकडूनच.

हैदराबाद, बंगळुरूच्या पाहुण्यांसाठी माझा लाडका बेत वेगळा आहे. जाताना कोल्हापूर, येताना पुणे. उजळाईवाडीला उतरायचं, अंबाबाईचं दर्शन घ्यायचं, तांबडा-पांढरा खायचा, मुक्काम करायचा. दुसऱ्या दिवशी महामार्गाने साताऱ्याला यायचं. सप्टेंबर-ऑक्टोबर असेल तर वाटेत कास. तिथे हंगामात आधी नोंदणी करावी लागते, ती विमानाच्या तिकिटाबरोबरच करून टाकावी. साताऱ्याहून मेढा, केळघर करत महाबळेश्वर. उतरताना वाईकडून पुणं. यात एकच रस्ता दोनदा होत नाही, आणि लहरी विमान सुट्टीच्या सुरुवातीला येतं, शेवटी नाही. सुरुवातीला विमान चार तास उशिरा आलं तर अंबाबाईचं दर्शन संध्याकाळऐवजी सकाळी होतं. शेवटी आलं तर सोमवारची हजेरी बुडते.

गोव्याला विमानाने? नको

सांगलीच्या माणसाने गोव्याला विमानाने जायचा विचारच करू नये. गाडीने आंबोली उतरून सावंतवाडीला नाश्ता करून माणूस दुपारी समुद्रावर असतो. पण उलटा विचार मात्र करण्यासारखा आहे: गोव्याला जायला नव्हे, गोव्याहून उडायला. मोप्याचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ 5 जानेवारी 2023 पासून सुरू झाला आणि तो पेडणे तालुक्यात, म्हणजे आपल्या बाजूला आहे. दिल्ली किंवा बंगळुरूसारख्या ठिकाणांना तिथून जितकी विमानं आहेत तितकी कोल्हापूरहून नाहीत, आणि पर्यटनाचा हंगाम सोडला तर भाडंही कधी कधी चकित करतं. कोल्हापूरहून आजरा, आंबोली करत साडेतीन-चार तास धरा. पावसाळ्यात आंबोलीत धुकं इतकं असतं की पुढच्या गाडीचे लाल दिवे हीच दिशा. तेव्हा दिवसाचंच विमान घ्या.

गोव्याचं तिकीट काढताना एक चूक शिकलेसवरलेले लोकही करतात. गोव्यात दोन विमानतळ आहेत. दाबोळी वास्कोजवळ, मोपा उत्तरेला, आणि दोघांत साठ-सत्तर किलोमीटर. तिकिटावर दाबोळीसाठी 'जीओआय' आणि मोप्यासाठी 'जीओएक्स' ही अक्षरं असतात. शेवटचं अक्षर बघा. एका अक्षरात दीड-दोन तास आणि टॅक्सीचं मोठं भाडं दडलेलं आहे.

विमान रद्द झालं तर

भांडायच्या आधी नियम माहीत असावा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम असा: कंपनीने उड्डाण रद्द केलं तर तुम्हाला दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक मिळालंच पाहिजे, आणि निवड तुमची. 24 तासांच्याही आत कळवलं आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर त्याशिवाय भरपाई मिळते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला 5,000 रुपये, दोन तासांपर्यंत 7,500, त्यापुढे 10,000. मात्र तुमचं मूळ भाडं आणि इंधन आकार यांची बेरीज त्याहून कमी असेल तर तेवढीच. धुकं, वादळ, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण यांत भरपाई नाही, पण पैसे परत किंवा दुसरं विमान हा हक्क राहतो. दोन तासांहून जास्त उशीर झाला की चहा-नाश्ता मागा, लाजू नका. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर पैसे परत घेऊन एसटी धरायलाही तुम्ही मोकळे. तक्रार कंपनीने ऐकली नाही तर सरकारच्या 'एअरसेवा' ॲपवर नोंदवता येते.

एक बारीक अट अनेकांना ठाऊक नसते. तिकिटावर तुमचा संपर्क क्रमांक नसेल तर कळवलं नाही म्हणून भरपाई मागता येत नाही. आपल्याकडे चौकातल्या एजंटाकडून तिकीट काढायची पद्धत आहे आणि तो स्वतःचाच मोबाइल टाकतो. उड्डाण रद्द झाल्याचा निरोप त्याला रात्री अकराला येतो, तो झोपलेला असतो, आणि तुम्ही पहाटे शिरोली फाट्यावर. तिकीट हातात पडलं की आधी क्रमांक बघा.

बॅगेत काय आणि काय नाही

कोल्हापूरला येणारी काही विमानं पंख्याची, छोटी असतात. वरचे कप्पे अरुंद. पुण्याच्या विमानात सहज बसणारी चाकांची बॅग तिथे बसत नाही आणि शिडीपाशी काढून घेतात. औषधं, चष्मा, दागिने, चार्जरची बॅटरी त्यात ठेवू नका. ती बॅटरी, म्हणजे पॉवर बँक, सामानात टाकायला मनाईच आहे. ती कायम हातातल्या पिशवीत. कंदी पेढे, चिक्की, बेदाणे, स्ट्रॉबेरी हे सगळं खुशाल बरोबर न्या. स्ट्रॉबेरीची पेटी मांडीवरच्या पिशवीत ठेवा, खाली गेली की जॅम होतो. लोणचं, तूप, तेलातल्या चटण्या आणि कांदा-लसूण मसाला चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत घट्ट बांधून. सुकं खोबरं मात्र कुठेच नको. त्यातलं तेल पेट घेतं म्हणून ते धोकादायक मालात मोडतं. ओटीतली वाटी असली तरी.

हे सगळं मला शिकवलं ते माझ्या सांगलीच्या आत्याने. वयाच्या बहात्तराव्या वर्षी ती उजळाईवाडीहून पहिल्यांदा विमानात बसली, तिरुपतीला. तिकीट भाच्याने काढलं होतं, 'नंदा' या नावाने, कारण घरात सगळे तिला नंदाआत्या म्हणतात. आधार कार्डावर सुनंदा. आदल्या दिवशी लक्षात आलं आणि फोनाफोनी करून नाव दुरुस्त झालं. माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, हे तिकीट काढतानाच आधारकार्ड समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवावं. तिच्या गुडघ्यांसाठी चाकाची खुर्ची आम्ही तिकिटाबरोबरच सांगून ठेवली होती, ती मात्र दारातच मिळाली.

सुरक्षा तपासणीत तिची पिशवी यंत्रातून गेली आणि थांबली. जवानाने विचारलं, आजी, यात काय आहे? आत्याने पिशवीतून स्टीलचा डबा काढला, वर्तमानपत्र सोडलं, झाकण उघडलं. कांदा-लसूण मसाला, दोन दिवसांपूर्वी कुटून आणलेला. तिरुपतीला जेवण फिकं असतं असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. जवान पंजाबचा असावा. त्याने डब्यावर वाकून वास घेतला आणि दोन पावलं मागे सरून शिंकला. मग फार हळू आवाजात म्हणाला, हे वर नाही नेता येणार. आत्याने झाकण लावलं, डबा त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "मग तू ठेव. संध्याकाळी अंड्याच्या रश्श्यात घाल. चमचाभरच हं."